सुजाता सायकलनं यायची

सुजाता गेली हे कळल्यावर ऑफिसातल्या प्रत्येकानं पहिल्यांदा हेच विचारलं, "सायकलवरून पडल्या का?" नाही. रविवारी दुपारी जेवून जरा आडवी झाली आणि झोपेतच गेली. हृदयविकार. सायकल अंगणात उभी होती. तरी मिलिंद, तिचा नवरा, मला म्हणालाच, "किती सांगायचो, गाडीनं जात जा म्हणून..."

नागावहून अलिबागच्या कचेरीत आम्ही दोघी कित्येक वर्षं माझ्या गाडीतून जायचो. काचा बंद, एसी चालू आणि तोंडी लावायला साहेबांची निंदा. एकदा गाडी गॅरेजला गेली. मी रिक्षा पकडली. सुजातानं पुण्याला शिकायला गेलेल्या लेकीची सायकल पुसून बाहेर काढली. घामाघूम होऊन आली, पण चेहरा फुललेला. "अगं, वळणावर कसला तरी गोड वास येतो. कशाचा असेल?" दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त झाली. मी तिच्या दारात हॉर्न वाजवला, तर ही सायकलवर तयार! "तू हो पुढे. मला तो वास शोधायचाय."

वास सुपारीचा निघाला. नारळासारखीच सुपारीलाही पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, येते, ती फुटली की सगळी वाडी घमघमते. त्यानंतर मुसळधार पाऊस सोडला तर ती गाडीत बसलीच नाही. रोज नवा प्रश्न घेऊन यायची. एकदा म्हणाली, "सकाळी येताना वारा उजव्या गालाला लागतो आणि संध्याकाळी परततानाही उजव्याच. असं कसं?" डबा खाता खाता तिनं स्वतःच उलगडलं. सकाळचा वारा जमिनीवरून येतो, संध्याकाळचा समुद्रावरून. केवढी खूश झाली! मला मात्र तिचा रागच यायचा. गाडीत मी एकटी पडले होते ना...

तिच्या आईला हे मुळीच पटलं नव्हतं. सुजाताचे वडील त्यांच्या बौद्धवाडीतले पहिले शिक्षक. जन्मभर सायकलनं शाळेत गेले. आई माझ्यासमोरच तिला म्हणाली, "तुझ्या बापाकडं गाडी न्हवती, म्हणून तो सायकल मारायचा. तुला काय कमी हाय?"

"म्हणूनच गं आई," सुजाता हळूच म्हणाली. "अण्णा रस्त्यानं काय काय बघत जायचे, ते मला कधी विचारायचंच सुचलं नाही."

आई आवाज उतरवून म्हणाली, "खंड्या पक्षी दिसला की घरी येऊन सांगायचा."

सुजाताला जाऊन आता दीड-दोन महिने झाले. परवा आक्षीच्या पुलाच्या अलीकडे एका बाईनं हात करून माझी गाडी थांबवली. रस्त्याकडेला मासळी वाळत घालणारी मंदा. "त्या सायकलवाल्या मॅडम पावसात तुमच्याच गाडीतनं जायच्या ना? लय दिवसांत दिसल्या न्हाईत. बदली झाली काय?"

मी खाली उतरले. सांगितलं. ती वाळत घातलेल्या मासळीकडे वळली. "रोज इचारायच्या, आज काय वाळत घातलंय म्हणून," ती म्हणाली.

काल सकाळी मी आपणहून थांबले. गाडीतून उतरून विचारलं, "आज काय?"

"जवळा," मंदा म्हणाली. "त्या पुढं इचारायच्या, कुठल्या होडीचा."

"कुठल्या होडीचा?" मी विचारलं. आणि ती सांगू लागली...