कारवीला दाढी नव्हती

ड्रुइड, म्हणजे झाडांशी बोलणारा जंगलाचा पुजारी, म्हटलं की लोकांना आधी दाढी दिसते. पांढरी, बेंबीपर्यंत आलेली, आणि तिच्यामागे कुठेतरी एक म्हातारा, पायघोळ झगा, हातात काठी, शेजारी काहीतरी उकळणारी कढई. दाढी नसेल तर एकदम दुसरं टोक: विशीतली पोरगी, अंगावर मोजकी पानं आणि डोक्यावर हरणाची शिंगं. परदेशी कादंबऱ्या घ्या, मालिका घ्या, मोबाइलवरचे गेम घ्या, जंगल राखायचा मक्ता या दोघांनाच दिलेला. पन्नाशी ओलांडलेली, जिना चढताना गुडघा धरणारी, चष्मा लावणारी बाई झाडांशी बोलू शकते, हे या मंडळींच्या डोक्यात शिरत नाही. खरं तर रोज सकाळी कुंडीतल्या जास्वंदीला रागावणारी घरात तीच एक असते.

अहिल्या टिपणीसला हे फार झोंबायचं. ती केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला, राहायला फरीदाबादला, रोज मेट्रोने दिल्लीला जायची आणि यायची. अशा बाईला ड्रुइड कसा माहीत, असा प्रश्न तिच्या नणंदेलाही पडायचा. उत्तर सोपं होतं. नवरा, जयदीप, गेल्यावर वर्षभर शनिवार तिला खायला उठायचा. वरच्या मजल्यावरची मैत्रेयी मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होती. एका शनिवारी ती दार वाजवून म्हणाली, “काकू, चला ना यार, आमच्याकडे एक जण कमी पडतोय.” पत्ते असतील असं समजून अहिल्या गेली.

पत्ते नव्हते. बाजारातल्या एका कॅफेत कोपऱ्यातल्या टेबलाभोवती मंडळी बसली होती. एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. आपलं पात्र काय करतंय ते आपण सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. गोष्ट चालवायचा अनुराग. फौजी बापाचा मुलगा, छावण्या-छावण्यांतून वाढलेला, मराठी बोलताना निम्मी हिंदी. त्याने पहिल्याच दिवशी नियम सांगितला, “दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. बिल्कुल नाही. तुमचं पात्र काय बोलतं ते फक्त तुम्ही ठरवायचं.” अहिल्याला नियम पसंत पडला. ऑफिसात आणि सासरी तिच्या तोंडी शब्द घालणारे बरेच होऊन गेले होते.

योद्धा, चोर, जादूगार, ड्रुइड, असे पर्याय होते. ड्रुइड जंगल राखतो, जखमा बऱ्या करतो, हवं तेव्हा जनावराचं रूप घेतो, हे ऐकून ती म्हणाली, “हे मला जमेल.” तिने आपल्या ड्रुइडचं नाव ठेवलं कारवी. सह्याद्रीत सात वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप, एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तिची कारवी जाडी होती, तिरसट होती आणि लांडगा किंवा गरुड न होता नीलगाय व्हायची. अनुराग म्हणाला, खेळाच्या पुस्तकातल्या यादीत नीलगाय नाही.

“मग तुझं पुस्तक लिहिणारा कधी फरीदाबादला आलेला नाही,” अहिल्या म्हणाली. अरवलीच्या बाजूने उतरून भर रस्त्यात उभी राहिलेली नीलगाय तिने पाहिली होती. मागे ट्रक थांबलेले आणि हॉर्न वाजवायची कुणाची छाती होत नव्हती. नीलगाय मंजूर झाली.

काही वर्षं असे शनिवार गेले. टेबलाच्या टोकाला तिकाटण्यावर छोटा कॅमेरा असायचा. अनुराग खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचा. बघणारे थोडेच, पण अहिल्याचा भाऊ नाशिकहून बघायचा, म्हणून तिची हरकत नव्हती.

मग एका शनिवारी फासे उलटे पडले आणि कारवीचा सोबती मरायला टेकला. लंगडा कोल्हा होता, पहिल्या दिवसापासून तिच्या मागे मागे फिरलेला. अनुरागने आवाज खाली आणून विचारलं, “कारवी त्याला काय म्हणते?”

अहिल्या म्हणाली, “तू हो पुढे. मी कुलूप लावून येते.”

हेरंब, तिथला सगळ्यात बडबड्या, गोंधळून म्हणाला, “काकू, जंगलात कुलूप कुठलं?”

“कॅमेरा बंद कर,” ती अनुरागला म्हणाली. त्याने केला. मग तिने सांगितलं. घरातून निघताना जयदीप नेहमी आधी खाली जाऊन स्कूटर काढायचा. ती मागे राहून गॅस बघायची, खिडक्या बघायची. दारातून त्याला सांगायची, तू हो पुढे, मी कुलूप लावून येते. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य किती वेळा झालं याला गणती नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या सकाळी तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं, तेव्हा दुसरं वाक्य आलंच नाही. तेच आलं. त्याने मान हलवली, नेहमी हलवायचा तशीच.

हे तिने नणंदेला सांगितलं नव्हतं, भावालाही नाही. मैत्रेयीचे डोळे वाहत होते. अनुरागने अहिल्याचा हात हातात घेतला. “काकू, हे इथेच राहील,” तो म्हणाला, आणि तेव्हा तो खोटं बोलत नव्हता, एवढं तिला आजही मान्य आहे.

पुढच्या वर्षी गुरुग्रामच्या एका कंपनीने अनुरागची गोष्ट घेतली. कार्टून मालिका करायची होती. कुणालाही न विचारता त्याने ती देऊन टाकली आणि टेबलावरच्या सगळ्यांना दिल्लीतल्या एका सभागृहात मालिकेच्या पहिल्या खेळाला बोलावलं. “सरप्राइज आहे,” म्हणाला. अहिल्याने ठेवणीतली नारायणपेठ नेसली. आपली कारवी पडद्यावर कशी दिसेल या विचाराने ती मेट्रोत एकटीच हसत होती, हे आठवलं की आता तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पडद्यावर दाढी आली.

कारवी नव्हतीच. होता झाडबाबा. पांढरी दाढी, झगा, काठी, आणि नीलगायीच्या जागी अस्वल. बोलणं मात्र तिचंच, शब्दन् शब्द. तिचे टोमणे, तिचं करवादणं, तिने बाभळीची मागितलेली माफी. शेजारी बसलेल्या मैत्रेयीने तिचा हात घट्ट धरला. अहिल्याने दात आवळून तेही सोसलं. बाईची चीज बाप्याच्या नावावर चढलेली तिने ऑफिसात पुष्कळदा पाहिली होती. मग कोल्हा मरायला टेकला.

“तू चल आगे,” झाडबाबा म्हणाला, “मैं ताला लगाकर आता हूँ.” आणि झग्याचे खिसे चाचपून किल्ली शोधायला लागला. किल्ली सापडेना. दाढीत बघितली, कोल्ह्याच्या पोटाखाली बघितली. सभागृह हसून हसून लोळायला लागलं. दिवे लागले तेव्हा व्यासपीठावरून टी-शर्ट फेकले जात होते आणि त्यांच्यावर तेच वाक्य छापलं होतं.

अहिल्या उभी राहिली. निवेदिका धावत आली आणि तिने माइक पुढे केला. “ये लाइन मेरी है,” अहिल्या म्हणाली. “इसे हटाइए.” पुढे तिला बोलवेना. कारण सांगायचं म्हणजे जयदीपला या हसणाऱ्या लोकांसमोर आणून ठेवायचं, आणि ते ती करणार नव्हती.

ते अनुरागने केलं. व्यासपीठावर तो आधीच होता, त्याने माइक घेतला आणि सगळं सांगितलं. स्कूटर सांगितली, हॉस्पिटल सांगितलं, जयदीपचं नाव सांगितलं, मान हलवली तेसुद्धा सांगितलं. फार छान सांगितलं, गोष्ट सांगणं हाच त्याचा धंदा. मघाशी हसणारी माणसं आता डोळे पुसत होती. मग सगळे उभे राहिले आणि त्यांनी अहिल्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मेलेल्या नवऱ्यासाठी टाळ्या. ती रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत बाहेर पडली.

अनुराग पायऱ्यांवर धापा टाकत आला. “काकू, बघितलंत ना? लोक रडत होते यार.”

“जयदीपला तू कधी पाहिलं होतंस?”

“नाही, पण…”

“मग तो तुझ्या तोंडी कसा आला?”

“काकू, मी रिस्पेक्टनेच सांगितलं. आणि टेबलावर जे बोललं जातं ते सगळ्यांचंच असतं ना? कंपनीला सांगतो मी, शेवटी जयदीपकाकांचं नाव टाकू, स्पेशल थँक्समध्ये. बिल्कुल टाकू.”

तिने रिक्षाला हात केला.

आठवडाभर ती आतल्या आत धुमसत राहिली. सभागृहातल्या त्या प्रसंगाची चित्रफीत फोनोफोनी फिरत होती आणि ऑफिसातल्या एका बाईने “कित्ती गोड” म्हणून ती तिलाच पाठवली. शुक्रवारी मैत्रेयी खाली आली. “काकू, उद्या नको जाऊ या. मीही नाही जात.”

“का नाही जायचं? खुर्ची माझी आहे,” अहिल्या म्हणाली. “लाज त्याने बाळगायची, मी कशाला घरी बसू?”

शनिवारी ती वेळेवर गेली. तिला पाहून अनुरागचा जीव भांड्यात पडलेला दिसला. त्याने फासे मांडले, कॅमेरा लावला, चहा सांगितला, सगळं नेहमीसारखं. गोष्ट सुरू झाली. नदीला पूर आला होता, पलीकडे गाव बुडत होतं. हेरंबने दोर टाकला. मग अनुराग तिच्याकडे वळला.

“कारवी काय करते?”

“कारवी आलेली नाही,” अहिल्या म्हणाली.

तो हसला. “मग काकू, इथे कोण बसलंय?”

“अहिल्या टिपणीस. जयदीपची बायको. तुझ्याकडून माफी घ्यायला बसली आहे.”

हेरंबने हातातले फासे खाली ठेवले. अनुराग मैत्रेयीकडे बघायला लागला, पण मैत्रेयीने मान वळवली. “काकू, हे आपण नंतर बोलू ना,” तो हळू आवाजात म्हणाला. “रेकॉर्डिंग चालू आहे. थांबा, बंद करतो.”

“राहू दे,” अहिल्या म्हणाली. “माझं सांगताना तुला भरलं सभागृह चाललं.”

ती उठली. तिकाटण्यावरचा कॅमेरा तिने दोन्ही हातांनी धरला आणि त्याचं तोंड अनुरागच्या तोंडासमोर आणून ठेवलं.

“आता माग,” ती म्हणाली.