दुसरी सीडी

मारुंजीच्या फ्लॅटमध्ये माझी लेक मोबाईलवर सिनेमा बघतेय. एक भांडकुदळ कुटुंब उडत्या बैलगाडीतून निघालंय. गाडी ढगात रुतली तशी ती खिदळली.

लहानपणी चुलतभाऊ माल्याच्या घरी ह्याच सिनेमाची पहिली सीडी इथंच संपली होती. नानाकाका हसून हसून लोळत होते. सीडी बदलता बदलता आबा, माझे वडील, हसतच म्हणाले, "नाना, बांध हातभर आत सरकवलास व्हय रं?"

काकांनी कोपऱ्यातली पहार उचलली. पहिला घाव आबांच्या कानावर बसला, दुसऱ्यानं टीव्ही फुटला. भिंतीवर रक्त उडालं. आणि मी पाय आपटत किंचाळत होतो, "आदी दुसरी सीडी लावा!"

आबांचा तो कान कायमचा गेला. दुसरा शाबूत होता.

त्या कानानं माझं किंचाळणं ऐकलं असणार.