धावपट्टीवरची बाजरी

उन्हात वाळणाऱ्या हराळीचा वास आला की मला आमचं विमानाचं रान आठवतं. यवतच्या पलीकडं आमच्या रानात एका कंपनीनं भाड्यानं गवताची धावपट्टी केली होती, बारकी विमानं उतरायची. पुढं विमानं बंद झाली, करार संपला, तरी कंपनीचा साहेब रान सोडंना. ट्रॅक्टरवाले त्याला भिऊन येईनात, म्हणून एका सकाळी मी बैलांचा कुळव जुंपला. रूळ फिरवून फिरवून जमीन फरशीसारखी झालेली, कुळव नुसता वरनं घसरायचा. वजनाला दगड ठेवावं तर रानातले दगड कंपनीनंच वेचून नेलेले. मग बायकोच पदर खोचून कुळवावर बसली. कुळवाची लोखंडी फास जमिनीत रुतली, हराळीची मुळं तटातट तुटायला लागली. तेवढ्यात साहेब जीपमधनं आला. "आप्पा, औत थांबवा. विमानं परत येणारेत." मी थांबलो. खरं सांगतो, भ्यालो होतो. बायको काय कुळवावरनं खाली उतरली न्हाई. म्हणाली, "येऊ द्या की. माझ्या डोक्यावरनं उतरवा." आन् मला म्हणाली, "तुम्ही त्याचं तोंड काय बघताय? हाका बैलं." साहेब बाजूला झाला. त्या साली बाजरी गुडघ्याएवढीच आली, पण आमची आली. बायको जाऊन आता चार महिने झालेत. थोरला पोरगा रोज म्हणतो, रान विकू, सणसवाडीला भाड्याच्या खोल्या बांधू. तिची लुगडी मी लोकांना वाटली, रान देणार न्हाई. त्याचं बोलणं मी ऐकून घेतो आन् त्याच्या देखत कांद्यावर पाण्याची मोटार चालू करतो.