गोळीची गुंगी आणि देवीचा बर्फ

गुडघ्याची वाटी बदलून बोईसरहून दातिवऱ्याला घरी आले, तेव्हापासून देवीसमोर हात जोडले की माझे डोळे आपोआप मिटायचे. शेजारणींना वाटायचं, काय ही भक्ती! कसली भक्ती न् कसलं काय, ती दुखण्यावरच्या जबर गोळीची गुंगी होती. बाजारात आवाज चढवून मासळी विकणारी मी भरदिवसा ओटीवर लाळ गाळत पडायचे. डॉक्टर म्हणाले होते, गोळी हळूहळू कमी करू, सूज उतरायला बर्फ लावा. बर्फाला मी साफ नकार दिला. आमच्यात बर्फावर ठेवतात ती मासळी, नाहीतर लेक परगावाहून यायचा असला तर प्रेत. जित्या माणसाला बर्फ? मी आपली एरंडाची पानं तापवून शेकत राहिले. सूज वाढली, ठणका वाढला, गोळी काही सुटेना. सून म्हणाली, "आई, डॉक्टरांचं आयका जरा." तिलाच झापलं.

एका सकाळी ओटीवरून समोरच्या देवळात पाहिलं, तर गुंगीत गावदेवीचं तोंड मला धुरकट दिसलं. माझं डोकंच फिरलं. तिथूनच ओरडले, "आये, दर साली होडी पाण्यात घालताना पयला नारळ तुला दिला. आता तुझं तोंडपण दिसत नाय मला! या गोळीबिगर दुसरं काय असंल तर धाड, नायतर मी तुला हात जोडायची नाय!"

थोड्या वेळानं बंदरावर बर्फ नेणारा टेम्पो नेमका आमच्या दारात बंद पडला. चालक बोईसरचा, अनोळखी. बर्फ वितळायला लागला तसा तो घरोघरी वाटत सुटला. टोपलीभर तुकडे माझ्या ओटीवर ठेवून म्हणाला, "अम्मा, रख लो, वैसे भी पानी हो जाएगा." मी देवीकडे पाहिलं. "बरफ? मी मेले काय गं?" सून फिस्सकन हसली. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. मागितलं ते तिनं दारात आणून दिलं होतं, आणि मी त्यालाही नाही म्हणत होते. "आण टॉवेल," मी सुनेला म्हटलं.

टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फानं ठणका गेला नाही, पण सोसवेल इतका झाला. मग बंदरावरून रोज बर्फ येऊ लागला. व्यायाम मी शिव्या देत केला. डॉक्टरांनी गोळी कमी करत करत बंद केली. मधे जीव कासावीस व्हायचा, तेव्हा देवीचा चांगला उद्धार करायचे. सून म्हणते, टेम्पोचं इंजिन तापलं होतं. म्हणू दे तिला.

परवा काठी टेकत देवळात गेले. मांडी घालायची मनाई आहे. "उभीच राहीन," देवीला म्हटलं, "तू नाय का उभी?" हात जोडले, डोळे मिटले नाहीत. तिची नथ, कपाळावरचं कुंकू, सगळं लख्ख दिसलं. शरण जाणं म्हणजे मान टाकून पडणं, असं मला वाटायचं. पण ती देते ते घ्यायचं, एवढंच असतं ते, आणि कुरकुर तिला चालते.

"आये, तुझे उपकार हायेत," मी म्हटलं. "आता रोज येईन भांडायला."