काठीपलीकडचा घेवडा

फौजेतून पेन्शनीवर आलो तेव्हा माझी एक पक्की समजूत होती. ज्यानं वीस-बावीस वर्षं बंदूक सांभाळली, त्याला खुरपं काय अवघड? पहिल्याच हंगामात मी हे बायकोला बोलूनही दाखवलं. ती हसली नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आमचं रान कोरेगावच्या अंगाला. पावसाळ्यात त्यात घेवडा असतो, शहरात ज्याला राजमा म्हणतात तो. मी सीमेवर असताना ते रान तिनं एकटीनं कसलं, त्यामुळे तिथं हुकूम तिचाच चालायचा. मी आल्यावर हुकूम दोन झाले आणि रोज कटकट सुरू झाली. शेवटी तिनं रानाच्या मधोमध एक काठी रोवली. अलीकडचं तिचं, पलीकडचं माझं. धाकट्या भावाला हे कळलं आणि त्यानं ते गावभर केलं. झालं, माझी सगळी इभ्रत त्या घेवड्यात अडकली.

पेरल्यापासून ती दिवस मोजत होती. विसाव्या दिवशी पैऱ्याच्या बायका आल्या. पैरा म्हणजे आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी नाही, नुसता शब्द. तण जेमतेम बोटभर होतं. त्या ओळीनं बसल्या, खुरप्यानं तण काढत, भांगलत काठीपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"तुमच्यातबी घेऊ का?" बायकोनं विचारलं.

मी नको म्हणालो. माझा डाव वेगळा होता. निम्मा शत्रू जमिनीत दडलेला असताना गोळी कशाला वाया घालवायची? सगळं तण वर येऊ दे, मग एकदाच साफ करू.

"आवं, तण आन् पीक एकाच ताटात जेवाय बसल्यात. तण पोटभर जेवल्यावर उठवणार व्हय?"

"अगं, मला शिकवू नकोस," मी म्हणालो. आवाज चढलाच माझा, चारचौघींसमोर. तिनं खुरप्याची माती झटकली आणि बायकांना घेऊन पुढच्या रानात गेली. पैरा एकदा पुढं गेला की मागं फिरत नाही.

मग दहा दिवस झड लागली. रानात पाय ठरेना. उघडीप मिळाली तेव्हा माझ्या अर्ध्यात केना नावाचं तण गुडघ्याला आलं होतं आणि घेवडा त्याखालून डोकावत होता. केन्याचं एक रोप उपटून मी मोटारसायकलवरून शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं ते हातभर रोप टेबलावर आडवं ठेवलं. तण दोन-चार पानांचं असतं तेव्हाच तणनाशक लागू पडतं, म्हणाला.

"आता हे जसं उपटून आणलंत, तसंच बाकीचं उपटा."

उपटलं. दोन दिवस कंबर मोडून उपटलं आणि ओळींमध्येच टाकत गेलो. केना मोठा चिवट. ओल्या मातीत पडल्या जागी त्याच्या कांड्यांना पुन्हा मुळ्या फुटल्या. तिसऱ्या दिवशी चिडून रानात शिरलो, तर बायको बांधावर उभी.

"भाईर या. फूल लागलंय."

खाली पाहिलं. माझ्या चपलांपाशी बारीक फुलं गळून पडली होती. फुलात आलेल्या घेवड्यात कुणी पाय घालत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. रागाच्या भरात विसरलो. बाहेर आलो. राहिलेलं तण तसंच राहिलं आणि जेवत राहिलं.

काढणी झाली, अंगणात ताडपत्रीवर झोडपणी झाली आणि दोन राशी पडल्या. माझी तिच्या निम्मीसुद्धा नव्हती, दाणाही बारीक. संध्याकाळी भाऊ बघायला येणार होता. मी पोती आणायला माळ्यावर गेलो; खरं सांगायचं तर तिथं थोडा वेळ तोंड लपवून बसलो. खाली आलो तर ताडपत्रीवर एकच रास होती आणि बायको फावड्यानं तिच्या कडा सारख्या करत होती.

"हे काय केलंस?"

"रान एक हाय, तर राशी दोन कशाला?"

मी नसताना वीस वर्षं तिनं पिकवलं आणि लोकांनी त्याला माझं पीक म्हटलं. तेव्हाही ती कधी बोलली नव्हती.

भाऊ आला. राशीत कोपरापर्यंत हात खुपसून म्हणाला, "दादा, लय झ्याक राखलंस की रान."

गप्प बसलो असतो तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. ते काही मला जमलं नाही.

"अर्धं रान मी तणाला चारलं," मी म्हणालो. "ही रास हिची हाय."

भावानं राशीतला हात बाहेर काढला. बायको मात्र माझ्यावरच डाफरली, "बोलायचं काय नडलं हुतं?" मग तिनं पोत्याचं तोंड माझ्यापुढं धरलं. मी घमेलं ओतायला वाकलो तेव्हा भावाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "म्होरल्या सालीबी अर्धं तुमचंच. दिवस तेवढं मी मोजणार."