तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या आईला दोन नावं आहेत आणि त्यांतलं एकही मी इथे लिहिणार नाही. एक तिच्या बापाने बारशाला पाळण्यात ठेवलं. दुसरं माझ्या वडिलांनी लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं. त्या दिवसापासून पहिलं नाव कोणी तोंडातून काढलं नाही. सासरचे तर नाहीच, माहेरचेसुद्धा हळूहळू विसरले. आमच्याकडे रीतच तशी, आणि रीत म्हटली की सगळ्यांची तोंडं बंद.

मला या पहिल्या नावाची गरज पडली ती बहारीनमध्ये. आई जन्मली पेडण्याला, गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा. अशा माणसाची जन्मनोंद लिस्बनला करून घेता येते आणि मग त्याच्या मुलाबाळांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. इथल्या मराठी मंडळात हे कळलं मात्र, हळदीकुंकवाला एक बाई मला म्हणाल्या, "देश विकायला काढलास गं!" यांचा मुलगा कॅनडात पीआर घेऊन बसलाय. म्हटलं, तुमचा तो पराक्रम आणि माझी ती गद्दारी, होय? वाण तिथेच ठेवून उठले.

मी सलमानियाला एका लॅबमध्ये काम करते, राहते हमद टाउनला. माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली, पण तिचा व्हिसा माझ्या व्हिसाला बांधलेला आणि माझा नोकरीला. नोकरी खलास की आम्ही दोघी खलास. भारतात तिला सुट्टीतली पाहुणी समजतात आणि इथे ती कायमची पाहुणी. तिला कोणी 'नीघ' म्हणू शकणार नाही असा एक तरी कागद मला हवा होता. त्यासाठी माझा भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल हे मला ठाऊक आहे. त्याचं दुःख माझं मी बघेन, मंडळाने बघायची गरज नाही.

घोडं अडलं ते नावाशी. गोव्याचा वकील फोनवर म्हणाला, "बाई, पेडण्याच्या जन्मनोंदीत एक बाई आहे आणि तुमच्या जन्मदाखल्यावर आईच्या जागी दुसरीच. कागदोपत्री तुमची आई तुमची आईच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला की आईचा सासरच्या नावाने नवा जन्मदाखला 'होऊन जाईल', सगळे करतात. आई तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. फोन स्पीकरवर होता. कोथिंबीर निवडता निवडता ती म्हणाली, "खोटो कागद नको. माझो जन्म खोटो नाय."

खरा मार्ग एकच उरला. लग्नात नाव बदलताना ज्याने डोळ्यांनी पाहिलं, अशा कोणा वडीलधाऱ्याने शपथेवर सांगायचं की या दोन बायका एकच. वडील गेले, मामा गेले. राहिले फक्त काका, वडिलांचे धाकटे भाऊ. लग्नात ते अर्ध्या चड्डीत ताटाशेजारी बसलेले होते. आता त्यांचं इथेच बहारीनमध्ये, तुबलीला गॅरेज आहे. काकांनी सही केली तर माझ्या मुलीची फाइल पुढे सरकणार, नाही तर तिथेच बंद.

शनिवारी आम्ही दोघी गेलो. काकांनी हात पुसले, करक चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे बघून म्हणाले, "वयनी, दादान लिवलेला नाव पुसूक इलास?"

मी समजावलं, पुसायचं काही नाही, दोन्ही नावं तिचीच. काकांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी म्हणाले, सही देतो, पण मजकूर मी सांगतो तसा. खरं नाव आमच्या घरचं. आधीचं ते लहानपणचं, लाडाचं नाव.

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. वकिलाला मी तिथूनच विचारलं, तो म्हणाला चालेल. मला सही हवी होती, बाकी गेलं उडत. मी आईला म्हटलं, "आई, असू दे ना. काम होतंय."

आईने चहाचा कप खाली ठेवला.

"लाडाचा नाव? माझ्या बापाशीन पाळण्यात ठेवलेला नाव लाडाचा? शिरा पडो त्या लाडार!" गॅरेजमधलं पाना-हातोडीचं ठोकणं थांबलं. "भावजी, तुमच्या भावान तांदळात नाव लिवल्यान. सगळ्यांनी बघितल्यानी, टाळये वाजवल्यानी. माका कोणी इचारल्यान? ते तांदूळ मियाच दुसऱ्या दिवशी रांदले. तुमी पण जेवलास. दोन येळा मागून जेवलास."

आई उठली आणि उन्हात तापलेल्या गाडीत जाऊन बसली. मी मागोमाग गेले, इतकी चिडले होते की चावी लागेना. नातीचं आयुष्य अडकलंय आणि ही नावासाठी रुसून बसते! तिला तसं बोललेही. ती म्हणाली, "तिका माझ्या नावान जाऊ दे. दुसऱ्याच्या नाय."

मी गाडी चालू केली.

गाडी मागे घेते तोच काका काचेवर ठोकायला आले. घाम पुसत एवढंच म्हणाले, "त्या तांदळाची खीर केली होती वहिनीने. यल्ला, चल, कुठे सही करायची सांग." भारतीय वकिलातीत त्यांनी शपथेवर सांगितलं ते असं: जन्माचं नाव हे, लग्नानंतर आम्ही ते बदललं, बाई तीच.

लिस्बनहून नोंद झाल्याचं कळवणारा ईमेल पुढे बऱ्याच महिन्यांनी आला. आता माझा अर्ज, मग मुलीचा. करणार म्हणजे करणारच. आईला विचारलं, तू घेणार का पासपोर्ट? "माका खंयच जावचा नाय," म्हणाली आणि बांगडे साफ करायला गेली.

मुलीला मराठी समजतं पण ती बोलते इंग्रजीतून. तिने स्क्रीनवरचं ते पाळण्यातलं नाव पहिल्यांदाच पाहिलं आणि तिच्या त्या इंग्रजी वळणाने मोठ्याने वाचलं. ती वाचत होती, कोणाला हाक मारत नव्हती.

स्वयंपाकघरातून आईने ओ दिली.