पौषातला बँड

पौषात लग्नं नसतात, म्हणून आमचा बँड होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण मुंबईच्या त्या पत्रकाराला मी ते फोनवर पुन्हा पुन्हा समजावलं आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला, "वॉव!" डोंबलाचं वॉव.

आम्ही तिघं होतो. मी गिटार वाजवायचो, गाणी लिहायचो आणि पोटासाठी शेंद्र्याच्या एका कंपनीत पार्ट तपासायचो. दुसरा माझा शाळेपासूनचा दोस्त, ड्रमवाला. त्याच्या मामूंची बँजो पार्टी, म्हणजे टेम्पोवर भोंगे आणि जनरेटर चढवून लग्नाच्या मिरवणुकीपुढं वाजवत जाणारी मंडळी. आम्हाला सरावाला जागा मामूंचीच, शहागंजामागच्या गल्लीतलं गोदाम. स्पीकर मामूंचे, माईक मामूंचा, ड्रम मामूंचा. लग्नसराईत हे सगळं टेम्पोवर चढून फुलंब्री, पैठण, जिथं बोलावणं असेल तिथं जायचं आणि दोस्तही त्याच्यासोबत. मग मी बसायचो हात चोळत. पौष लागला, मुहूर्त संपले, की सामान गोदामात उतरायचं आणि आमचा बँड सुरू व्हायचा. पावसाळ्यातही तसंच. बाकी वर्ष आम्ही नुसती तीन माणसं.

तिसरी गाणारी. नर्सिंग शिकलेली, एका खाजगी दवाखान्यात कामाला. विहारातल्या वंदनेत गळा तयार झालेला, आणि जयंतीच्या स्टेजवर माईकपर्यंत तोंड पोचत नव्हतं तेव्हापासून खुर्चीवर उभी राहून गायलेली. तिचा आवाज गोड नव्हता. गोड आवाजाचे पायलीला पन्नास मिळतात. ती गायला लागली की गल्लीतला कांदे निवडणारा माणूस हात थांबवून गोदामाकडं बघायचा, आणि गाणं संपलं तरी त्याला कांद्याची आठवण यायची नाही. दोस्त तिला सिस्टर म्हणायचा, ती त्याला उस्ताद. मला दोघंही साहेब म्हणायची, कारण सगळ्यात जास्त मीच चिडायचो.

आम्ही काय करतो हे कुणाला कळायचं नाही. स्वतःची गाणी स्वतः करतो म्हटलं की लोक म्हणायचे, "असं व्हय? मग ऐकलेली कधी म्हणता?" माझ्या वडिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगं गिटारीचा क्लास लावतंय. टक्कल पडायला आलेलं पोरगं!

ज्या पौषाचं सांगतोय त्याच्या आधीच्या पौषात आम्ही चार गाणी केली. लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून जनरेटर चालू ठेवून फोनवरच रेकॉर्ड केली आणि इंटरनेटवर टाकून दिली. पुढं वर्षभर ती तिथं पडून राहिली. दरम्यान गाणारीला सरकारी नोकरीची ऑर्डर आली. नंदुरबारकडं, डोंगरातलं आरोग्य केंद्र. परमनंट. तिच्या आईनं गल्लीत पेढे वाटले. आईचं काय चुकलं? शाळेची खिचडी शिजवून शिजवून धुरानं डोळे अधू झाले बिचारीचे, तेव्हा कुठं ही पोरगी शिकली होती.

पण पोरीनं हजर व्हायला मुदत वाढवून घेतली. घरी काहीतरी थाप मारली. खरं आम्हाला सांगितलं, गोदामात स्पीकरवर बसून. "मला थांबायला एक कारण द्या रे. लई मोठं नको. आईपुढं ठेवता येईल एवढं."

ती गेली की बँड संपला, हे तिघांनाही पक्कं माहीत होतं. दुसरी गाणारी शोधा असं सांगणारे शहाणे मला भेटले. त्यांना मी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. मला तिचा आवाज पाहिजे होता. बाकी काही पाहिजे होतं का, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही.

आणि पौष लागल्या लागल्या ते कारण आलं. मुंबईच्या एका वेबसाईटवर त्या पत्रकाराचा लेख आला, येत्या वर्षात ज्यांच्यावर नजर ठेवावी असे नवे बँड. त्यात सातवे आम्ही. खाली आमचा फोटो, गोदामाच्या शटरपुढं उभे. लेखात लिहिलं होतं की आमचा आवाज वेरूळच्या सावलीत घडलाय. वेरूळला मी शाळेच्या सहलीत गेलो होतो आणि बसमध्ये ओकलो होतो, तेवढाच संबंध. पुढं लिहिलं होतं, गाण्यांच्या तळाशी सतत घुमणारा तो अस्वस्थ सूर हा या बँडचा सर्वांत धाडसी प्रयोग आहे. दोस्तानं हे मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि हसून हसून गोणपाटावर आडवा झाला. "अरे जनरेटर है वो! अगले टाईम उसका बी फोटो देव!"

गाणारी हसली नाही. तिनं लेख पुन्हा वाचला, फोनची काच ओढणीला पुसली आणि म्हणाली, "आईला दाखवते."

आईनं विचारलं, "सातवा नंबर का? कमी कुठं पडलात?"

त्याच वेबसाईटवाल्यांचा पुण्यात महोत्सव असायचा. त्यांचा फोन आला, संध्याकाळी अर्धा तास तुमचा. गाणारीनं ते घरी सांगितलं तेव्हा आईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "जा. गाऊन ये. लोकांनी उचलून धरलं तर मी नोकरीचं नाव काढणार नाय." ती पळतच गोदामात आली हे सांगायला. चपला दोन वेगवेगळ्या. तिला तशा आनंदात मी ना आधी कधी पाहिलं, ना नंतर.

दोस्त आत ड्रमचे नट आवळत होता. त्यानं विचारलं, "तारीख क्या बोले?"

मी सांगितली. तो उठला आणि भिंतीवरच्या पंचांगापुढं जाऊन उभा राहिला. लग्नात वाजवणारा माणूस आधी तिथ बघतो, मग तोंड उघडतो. आम्ही आधी हो म्हणून मोकळे झालो होतो. पौष संपल्यावरची पहिलीच दाट तिथ होती ती. महिनाभर अडून बसलेली सगळी लग्नं त्याच दिवशी. मामूंनी दिवाळीतच फुलंब्रीकडच्या एका गावची सुपारी घेतलेली.

सुपारी म्हणजे खरीच सुपारी. लग्नघरचा माणूस चार लोकांदेखत ती हातावर ठेवतो, आपण मूठ मिटतो, झालं. मग आभाळ कोसळलं तरी त्या दारात वाजवायचं. मामूंनी आयुष्यात कधी सुपारी परत केली नव्हती आणि हे ते चहा पिता पिता सुद्धा सांगायचे.

आम्ही दोस्ताच्या जागी दुसरा वाजवणारा शोधायला लागलो. जालना झालं, बीड झालं, पार परभणीपर्यंत फोन केले. जो तो म्हणायचा, "त्या दिवशी? येडा का काय?" पुण्यातल्या एका ड्रमवाल्याला गाणी पाठवली. तो सज्जन होता, तरी म्हणाला की यात ठेका कुठं पकडायचा तेच सापडत नाही. कसं सापडेल? दोस्त ठेका मोजतच नव्हता. तो तिच्या खांद्यांकडं बघत वाजवायचा; खांदे वर गेले की ती श्वास घेतेय, तेवढं थांबायचं. शेवटी मी कॉम्प्युटरवर ड्रम लावून बघितला. ती एक ओळ गायली आणि थांबली. "हा माझ्यासाठी थांबत नाय रे."

मग मी मामूंकडं गेलो. खरं सांगतो, पाय धरायच्या तयारीनं गेलो. मामू गुडघ्याला पट्टी बांधून पलंगावर बसले होते; गुडघा गेल्यापासून पार्टीत ड्रम वाजवणारा एकटा दोस्तच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बेटा, मेरेकू सब समजता. पण नवरदेव घोड्यावर बसंल आणि पुढं वाजणारच नाय, तर मैं क्या बोलूं उनकू? के लडकेकू पुणे में गाना है?"

मी म्हटलं, "मामू, एकदाच."

"एकदाच तो जबान जाती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांचं बरोबर होतं आणि मला त्यांची गचांडी धरावीशी वाटत होती. चहा तसाच ठेवून मी उठून आलो.

महोत्सववाल्यांना कळवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, काही हरकत नाही, पुढच्या वर्षी नक्की, आणि खाली हसणारा सूर्य. आमची वेळ त्यांनी आठव्या नंबरला देऊन टाकली. आठवा नंबर नागपूरचा होता. चांगला होता, मेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी दोस्ताचा फोन. "साहेब, सिस्टरकू लेको आव. टेम्पोवर गाणारा पाहिजे." घरी बसून घड्याळ बघण्यापेक्षा बरं म्हणून आम्ही मोटरसायकलवर निघालो.

गावात परण्या निघाला होता, म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो ती मिरवणूक. भर ऊन. गॉगल लावलेली पोरं, फेटे बांधलेले पाहुणे, सगळं गाव रस्त्यावर. ती टेम्पोवर चढली, मी खाली जनरेटरपाशी उभा राहिलो. दोस्तानं तिच्याकडं बघितलं आणि हळूच आमचं गाणं सुरू केलं. पुण्यात ज्यानं सुरुवात करणार होतो तेच. त्याचा हिशेब सरळ होता, अर्धा तास इथंच घ्या.

ती गायली. खाली जनरेटर घुमत होता, रेकॉर्डिंगमध्ये घुमतो तसाच. एवढी माणसं आमच्यापुढं कधी नव्हती. नाचणारी पोरं थांबली. ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, जमलं! अरे, जमलं! तिचे खांदे वर गेले, दोस्त थांबला, सगळा रस्ता थांबला.

आणि नवरदेवाचा मामा फेटा सावरत टेम्पोच्या पायरीवर चढला. "ओ ताई, लग्न हाय, मयत नाय! काहीतरी चांगलं म्हणा की!"

वाईट माणूस नव्हता तो. त्यानं वर हातसुद्धा जोडले. लोक हसले, तीही हसली. आणि दोस्ताचे हात कधी लग्नाच्या ठेक्यावर गेले ते त्यालाही कळलं नसेल. तिनं ते गाणं उचललं. मग दुसरं, मग तिसरं, लोक मागतील ते. मारुतीपर्यंत ती अशी गायली की म्हाताऱ्या नाचल्या, घोडेवाला नाचला, तो मामा तर तिच्यापुढून हलेचना. नवरदेवाच्या आईनं तिच्या हातात ब्लाऊजपीस कोंबलं आणि म्हणाली, "लई चांगली गातीस गं बाई. धाकट्याच्या लग्नालाबी तूच ये." मला तिथंच रडू आलं. जनरेटरच्या धुरानं आलं असं सांगायची सोय होती, पण कुणी विचारलंच नाही.

परत येताना हर्सूल आलं तेव्हा ती मागून म्हणाली, "साहेब, त्याचं बरोबर होतं."

"कोणाचं?"

"त्या मामाचं. लग्नच होतं ना." थोड्या वेळानं म्हणाली, "सोमवारी निघते."

नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण थांब म्हणायला पुढं ठेवणार काय होतो मी? मी गाडी चालवत राहिलो.

ती गेली. स्टँडवर अर्धी गल्ली आली होती पोचवायला. दोस्त लग्नं वाजवतो. सुट्टीच्या दिवशी मी टेम्पोवर स्पीकर चढवायला जातो, कारण घरी बसवत नाही. वर्षभर अनोळखी लोकांचे मेसेज येत राहिले, भाऊ, नवीन गाणं कधी, नजर ठेवून आहोत. ठेवा बाबांनो, खुशाल ठेवा! कधीमधी तिचा फोन येतो. गातेस का, मी विचारतो. "इथं बाळंतिणी झोपलेल्या असतात रे," ती म्हणते, आणि आनंदात म्हणते. तेच सहन होत नाही.

आता पुन्हा पौष लागलाय. परवा सामान गोदामात उतरवलं आणि दोस्त आणि मी बसलो होतो. मुंबईच्या पत्रकाराचा फोन आला. नवी यादी चाललीय, तुमच्याकडून काही? म्हटलं, नाही. गाणारीचं त्यानं विचारलं नाही. एवढंच विचारलं, तुमच्या गाण्यांखालचा तो घुमणारा सूर कसा काढला होता. इथल्या एका बँडला एका गाण्यापुरता पाहिजे, पाठवता का? मी सांगितलं, जनरेटर आहे. तो म्हणाला, "वॉव!"

दोस्तानं माझ्याकडं बघितलं, उठला, दोरी ओढून जनरेटर चालू केला आणि परत येऊन बसला. मी फोन त्याच्यापुढं धरला. एका गाण्यापुरता पाहिजे म्हणाला होता, म्हणून आमचं एक गाणं मनात म्हणत तेवढा वेळ धरून ठेवला. गाणारी जिथं सुरू करायची ती जागा आली तेव्हा दोस्ताचे हात मांडीवरून उचलले गेले आणि तसेच थांबले. मी खाली बघत राहिलो. मग तो उठला आणि जनरेटर बंद केला.